बँकॉकमधला पाऊण तास

नागपूरहून निघण्याआधीच मी बँकॉक पाहून ठेवलं होतं, म्हणजे कागदावर. माझा धाकटा भाऊ विलास हाँगकाँगला एका कंपनीत इंजिनिअर. भावजयीच्या बाळंतपणासाठी मी दोन महिने तिकडे जाणार होते. पंचवीस वर्षं दवाखान्यात नर्स असल्यामुळे ते काम ओघानंच माझ्याकडे आलं. धरमपेठेतला तिकीट एजंट म्हणाला, "बाई, परत येताना एक दिवस बँकॉकला उतरून घ्या. तिकीट तेच." मी तिथेच पिशवीतून वही काढली. हाताशी नऊ तास होते. कुठे किती वेळ थांबायचं, जेवण कधी, विमानतळावर परत कधी, सगळं लिहून काढलं.

माय तेव्हा गहू निवडत होती. मी यादी वाचून दाखवली तशी ती उठली आणि पेटीतून आमच्या बाबांचा पांढरा शेला घेऊन आली. छप्पन साली नागपुरात बाबांनी दीक्षा घेतली, आम्ही सगळे बौद्ध झालो, त्या दिवशी हा शेला त्यांच्या खांद्यावर होता. विलास दहा वर्षांचा होता. बाबांच्या मागे एकेक प्रतिज्ञा त्यानेही म्हटली होती, आजूबाजूच्या मोठ्या माणसांपेक्षा मोठ्याने.

"मले काही आणू नको वं," माय म्हणाली. "तिथं तो निजलेला मोठा बुद्ध आहे म्हणतेत. त्याच्या पायापाशी हा ठेव. आन् वाक, बाबाच्या नावानं. विलास संग आला तर त्यालेही वाकाले सांग."

यादीत ते काम मी पहिल्या क्रमांकावर घेतलं: वात फो (वात म्हणजे विहार), पाऊण तास.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगा झाला. विलासचं बँकॉकला दोन दिवसांचं ऑफिसचं काम निघालं, म्हणून परतीला तोही माझ्यासोबत विमानात बसला. वरून बँकॉक म्हणजे हिरव्या पाटीवर आखलेल्या रेघा. त्या रेघा म्हणजे ख्लोंग (कालवे). नागपूरच्या माणसाला कोणी ऊन शिकवू नये, पण इथलं ऊन ओलं आहे. विमानतळाबाहेर पाच मिनिटं उभी राहिले तर पोलकं पाठीला चिकटलं.

टॅक्सीत विलास म्हणाला, "ताई, दुपारी आमच्या कंपनीच्या इथल्या मोठ्या साहेबांकडे जेवायला जायचं आहे. ते मूळचे धरमपेठेतले. आपणही तिथलेच, असं मी सांगितलं आहे."

"काहून? जरीपटक्याकडे, आपल्या वस्तीत राहतो म्हणायला जीभ जड होते काय?"

"उगाच विचारू नको. आणि बाकीचंही काही बोलू नको. माझं प्रमोशन त्यांच्या हातात आहे."

बाकीचं म्हणजे काय, ते मला कळलं. आम्ही बौद्ध आहोत हे त्याने पाच वर्षं कंपनीत लपवलं होतं. आमचं आडनाव असं, की दोन्हीकडे चालून जातं.

माझी यादी त्याने आधीच बदलली होती. सकाळी विहाराऐवजी कालव्यावरचा बाजार निघाला. होड्यांतच दुकानं, होडीतच चूल, होडीतच उष्टी भांडी धुणं. एका बाईने केळीच्या पानावर खाव निआव (चिकट भात) आणि पिकलेला आंबा दिला, वर नारळाचं दूध. चव चांगली होती, हे मान्य करते. होडीतून उतरताना माझी उजवी चप्पल कालव्यात गेली. तिथेच रबरी जोड विकत घेतला, दोन्ही चपला डाव्या पायाच्या वाटाव्यात असा. पाहुणी म्हणून साहेबांच्या घरी मी तोच घालून गेले.

साहेब जेवून लगेच ऑफिसला गेले. त्यांच्या पत्नी मालतीबाई मनमोकळ्या. मी भिवापूरच्या मिरचीची पुडी दिली तेव्हा त्यांनी ती उघडून वास घेतला, शिंकल्या आणि हसल्या. "अहो, किती वर्षांनी! धरमपेठेत कुठे राहता तुम्ही?"

"झेंडा चौकाजवळ," विलास म्हणाला. मी वरण घेतलं.

तीन वाजता मीच विषय काढला. "मला वात फो पाहायचा आहे." विलासने घड्याळ पाहिलं. पण मालतीबाईच म्हणाल्या, "चला, मी दाखवते. तिथलं देऊळ पाहण्यासारखं आहे."

चपला बाहेर काढून आत गेलो. बुद्ध एका नजरेत मावत नाही. आधी सोनेरी चेहरा, मग खांबांच्या मधून खांदा, कंबर, आणि चालत चालत शेवटी पावलं. तळव्यांवर शिंपल्याचं जडावकाम. मागच्या भिंतीशी कांस्याच्या वाट्यांची रांग. लोक एकेक नाणं टाकत पुढे जातात, त्याचा आवाज सगळ्या दालनात भरून असतो. बाबा असते तर बोलले नसते, नुसते उभे राहिले असते.

मालतीबाईंनी मनापासून हात जोडले. "आपल्याकडे हा विष्णूचा नववा अवतारच. नाही का हो?"

"हो तर," विलास म्हणाला. "नववाच."

बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाही, ही बाबांच्या प्रतिज्ञांतलीच एक. ती ह्याच तोंडाने म्हटलेली मी ऐकली होती.

मी पर्समधून शेला काढला. मालतीबाईंनी विचारलं, "हे काय?"

मी तोंड उघडण्याआधी विलास बोलला. "ताईचा नवस आहे. बाळंतपण नीट झालं ना, म्हणून."

"अगंबाई! मग ठेवा, ठेवा. देव पावला तुम्हाला."

वॉर्डात माझ्या आवाजाने डॉक्टरसुद्धा दचकतात. इथे मी आधी विलासकडे पाहिलं. विलासच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत विनवणी. माझ्या हातांनी ज्याला आंघोळ घातली ते दीड महिन्याचं पोर डोळ्यांपुढे आलं. पण नवस म्हणून बाबांचा शेला ठेवणंही जमेना. घडी घालून तो परत पर्समध्ये ठेवला. वाकलेही नाही. "राहू द्या," म्हटलं, "इथे ठेवू देत नसतील."

मालतीबाई गाडीकडे गेल्या. चपलांपाशी विलास हळूच म्हणाला, "थँक यू, ताई."

"थँक यू काहून? नवस तर तू बोलला, तो तसाच राहिला."

चिडला की त्याचं ऑफिसातलं मराठी गळून पडतं. "तुले काय जाते बोलाले! तू आज निघून जाशील. मले याच लोकायत राहाचं आहे."

"बाबालेही दीक्षा घेऊन नागपुरातच राहाचं होतं," मी म्हटलं आणि ते दोन डावे जोडे पायात घातले.

विमानतळावर त्याने माझी बॅग उचलून दिली. एवढंच.

कलकत्त्याला विमान सोडून गाडी धरली, नागपूरला उतरले ती थेट घरी. नऊ तासांत बँकॉक होतं का, असं एजंटाने नंतर विचारलं. होतं, असंच मी सांगितलं. वाचकांनाही तेच सांगते. फक्त यादी दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

मायने शेला पाहिला. मी काही लपवलं नाही. अवताराचं सांगितलं, नवसाचं सांगितलं. शेला मांडीवर घेऊन ती त्याच्या घड्या सारख्या करत बसली.

"परत आणला, बरं केलं," ती म्हणाली. शेला पेटीत ठेवताना तिने विचारलं, "विलास तरी वाकला का?"

"त्याला वेळ नव्हता, माय."

"वाकाले किती वेळ लागते वं?"

वहीत मी पाऊण तास धरला होता.