मोकळ्या जागांचा वैरी

मस्तगडच्या त्या टायपिंगवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. असल्या थोर माणसाला नावाची गरज नसते. लग्नपत्रिका टाइप करता करता त्याचा एकच धर्म ठरला होता: मोकळी जागा दिसली की उडवायची. नख वाढवलेली करंगळी त्यासाठी कायम कीबोर्डवर घुटमळत असे.

माझ्या पुतणीनं तीन महिने खपून तुरीतल्या एका प्रोटीनची रचना सॉफ्टवेअरात दुरुस्त केली होती. संध्याकाळी ती कॉलेजात मॅडमना दाखवायची होती. लॅपटॉप बंद पडला, म्हणून त्या रचनेतल्या अणूंच्या आकड्यांची, पेनड्राइव्हवरची एकुलती एक फाइल घेऊन आम्ही याच्याकडे आलो. फाइल उघडून पुतणी फोनवर बोलायला आणि मी चहा सांगायला बाहेर गेलो, तेवढ्यात यानं उपकार केले. परत येऊन पुतणीनं ती इंटरनेटवरच्या सॉफ्टवेअरात टाकली, तर पडद्यावर प्रोटीनच उमटेना.

"आकड्यांत लय मोकळ्या जागा होत्या ताई. बिलकुल साफ करून सेव्ह बी केलं."

"काका, कोणता आकडा कशाचा, हे सॉफ्टवेअरला त्या जागांवरूनच कळतं," पुतणी त्याला म्हणाली.

"मंग सॉफ्टवेअरच कच्चं हाय. आमच्या पत्रिका बराबर उघडतात."

पुतणी बसली आणि ओळीओळीत जागा परत घालू लागली. तो मागं उभा राहून प्रत्येक जागेला हळहळत होता.