भावोजींची साफसफाई

आमच्या डोंबिवलीच्या भावोजींनी साफसफाई करून जेवढं वाटोळं केलं, तेवढं दुसऱ्या कुणाला घाण करूनही जमलं नसतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स करून माझ्या बहिणीचा हा नवरा रविवारी नातेवाइकांचे कॉम्प्युटर साफ करत फिरे. कुणी बोलावत नसे. पाहुणा अजून जिन्यात असतानाच खुर्ची पुसणारा हा माणूस. त्याला कॉम्प्युटरमधला उरलासुरला कचरा कसा सोसावा? "प्रोग्रॅम काढला तरी त्याने चालता चालता तयार केलेल्या फायली मागे राहतात," ते तुच्छतेने सांगत. "पाहुणा गेल्यावर त्याची उष्टी ताटं ठेवतो का आपण?" विठ्ठलवाडीच्या एका मास्तरांच्या प्रश्नपत्रिका याच तत्त्वावर गेल्या. मास्तर अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

कळव्याला आमच्याकडेही ते आले. माझी आई धवलारीण; कोळी-आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिची एकेचाळीस गाणी मी मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमवर उतरवली होती. फ्लॉपीवर घ्यायचं मात्र उद्यावर ढकलत होतो. भावोजींनी तो प्रोग्रॅम जुना म्हणून काढला, मागे राहिलेलं फोल्डर पुसलं, वर कचरापेटीही रिकामी केली.

"अहो, त्या फायली आईच्या होत्या!" मी ओरडलो.

"पण तयार प्रोग्रॅमनेच केल्या ना?"

हसावं की गळा धरावा, कळेना. आई तेवढी शांत होती. "पुन्यांदा सांगेन. पन लगीन नसताना धवला तोंडात येत नाय, जावय."

मग जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून खरं मानतो. इस्त्रीच्या शर्टातले भावोजी वही घेऊन आईमागोमाग लग्नांना जाऊ लागले. हळदीत, सांडलेल्या तांदळात, बायकांच्या घोळक्यात मांडी घालून लिहीत. "आई, जरा हळू," म्हणत, आणि बायका त्यांना हसत. दोन वर्षांत सव्वीस गाणी झाली. सत्ताविसाव्याची पहिली ओळ सांगून आई थांबली, "बाकीचा उद्या सांगते," म्हणाली, आणि त्या आठवड्यातच गेली.

वही भावोजींकडेच आहे. कॉम्प्युटरवर उतरवून देतो म्हटलं, तर देत नाहीत. त्या एका ओळीखाली त्यांनी पान कोरं सोडलंय. कुणी दुसरी ओळ सुचवली, तर वही मिटून घेतात.