भावेशचा कॉम्प्युटर कोणी पुसला

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. एकदा जेवताना सांगायला तोंड उघडलं होतं — मग भाजीत मीठ कमी आहे म्हणालो आणि उठलो. तुम्हाला का सांगतोय, तेही धड ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

शहाद्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांनी भंगारात काढलेले जुने कॉम्प्युटर मी परत चालू करून देतो. जादू काही नाही. जुन्या मशीनला नव्या सिस्टीमचं वजन पेलत नाही, म्हणून मी तिच्यात लिनक्स नावाची हलकी सिस्टीम टाकतो — फुकट मिळते, एका सीडीत मावते आणि पाचशे बारा एमबी रॅमवर गुमान चालते. पंधरा वर्षांचा डबा मिनिटभरात उभा राहतो. गिऱ्हाइकाचे डोळे मोठे होतात. ते डोळे बघायची मला चटक लागली होती. इथपासूनच सुरुवात करायला हवी. चटक होती.

लॉकडाउनच्या आदल्या उन्हाळ्यात तापीकाठच्या प्रकाशा गावच्या सरलाकाकू दुकानात आल्या. गुजर पाटलांच्या घरातल्या, साठीच्या, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. रिक्षावाल्याने जाडजूड मॉनिटर आणि चादरीत गुंडाळलेला डबा आत आणून ठेवला. काकू स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हाई मन्हा भावेशनं कॉम्प्युटर शे. चालू करी दे. आनि त्यामा त्याना आवाज शे — तेवढा मातर सांभाळजो."

भावेश म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळून गेला, त्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. मागे काकू आणि सून वर्षा. आणि इथे मला थांबून सांगायलाच हवं, कारण हे कळल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही — या दोघी सासू-सुना राहिल्या नव्हत्या. तीन वर्षांनी काकूंनीच भाऊबंदांशी भांडून वर्षाचं दुसरं लग्न लावून दिलं. अक्षता टाकायला स्वतः उभ्या राहिल्या. वर्षा खापरला नांदायला गेली, पण दिवाळीला प्रकाशाला यायची, ती काकूंकडे. काकू तिला "मन्ही आंडेर" म्हणायच्या. माझी लेक. हे मला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, पाण्याचा पेला हातात धरून. कॉम्प्युटरमध्ये भावेशचा आवाज आहे, हेही त्यांना वर्षानेच सांगितलं होतं. मोबाइलवर रेकॉर्ड केलेली घरातली बोलणी, नाशिकच्या सहलीचे फोटो, कुणाच्या तरी हळदीत गायलेलं गाणं — सगळं भावेश त्या मशीनमध्ये टाकून ठेवायचा. तो गेल्यावर वर्षाने एक-दोनदा लावून ऐकलं. मग तिलाच ऐकवेना. तिने बटण बंद केलं आणि वर चादर घातली. त्यानंतर ते मशीन कुणी उघडलंच नव्हतं.

मी चिठ्ठी लिहिली — "फोटो + आवाज, आधी काढून ठेवणे" — आणि डब्यावर चिकटवली. माझ्याच अक्षरात. काकू बाजाराला गेल्या. चारला येते म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल, मशीन जुनं होतं, काहीतरी बिघाड झाला असेल. नाही. आत धूळ होती, पालीची दोन अंडी होती, पंखा कुरकुरत होता. जुनी सिस्टीम मात्र सुरू होता होता अडकत होती. हार्ड डिस्क ठणठणीत होती. मला करायचं होतं ते इतकंच — सीडीवरून लिनक्स नुसती चालवायची, डिस्कवर चढवायची नाही, डिस्कमधलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं आणि मग पुढचं. दुसरी डिस्क ड्रॉवरमध्ये होती. अर्ध्या तासाचं काम. शंभर वेळा केलेलं.

पण त्या दुपारी दुकानात लोणखेड्याच्या कॉलेजची तीन पोरं-पोरी बसली होती. प्रोजेक्टसाठी काहीबाही विचारायला आली होती. त्यातली एक मुलगी म्हणाली, सर, हे चालू होणं शक्यच नाही. सर! मला कोण सर म्हणतं? मी म्हणालो, घड्याळ लावा. वीस मिनिटं.

सीडी घातली. भाषा निवडली, तारीख टाकली, तोंडाने बडबड चालूच. मग ती पाटी आली. या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? ती पाटी दरवेळी येते. मी ती वाचली — वाचली नाही असं म्हणायची सोय मला नाही — वाचली आणि एंटर दाबलं. बोलणं न थांबवता.

अठराव्या मिनिटाला पडद्यावर निळं-हिरवं चित्र आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी माउस फिरवला, गाणं लावून दाखवलं, आणि डब्यावर थाप मारायला हात खाली नेला तर बोटांखाली कागद लागला.

मी पोरांना चहा प्यायला पिटाळलं. चिठ्ठी काढली, चुरगाळली, खिशात घातली. डस्टबिनमध्येसुद्धा टाकली नाही — कुणी वाचली तर? म्हणजे बघा, खोटं बोलायचं मी अजून ठरवलंही नव्हतं, आणि हाताने तयारी सुरू केली होती.

आणि अजून एक. हे फक्त माझ्या धंद्यातल्या माणसाला कळेल, म्हणून सोपं करून सांगतो. डिस्क पुसली म्हणजे सगळं लगेच जात नाही. नव्या सिस्टीमने जेवढी जागा घेतली तेवढं गेलं. बाकीचं आत तसंच पडून असतं, फक्त त्याचा पत्ता हरवलेला असतो. जोवर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही, तोवर ते शोधून काढता येतं. सगळं नाही, पण बरंच. मशीन तिथल्या तिथे बंद करायचं, डिस्क बाहेर काढायची आणि दोन-तीन दिवस चिकाटीने बसायचं. किंवा सुरतला कुणाकडे तरी पाठवायची. हे मला माहीत होतं. चार वाजायला पाऊण तास होता तेव्हाही माहीत होतं. पण त्यासाठी काकूंना सांगावं लागलं असतं — काकू, माझ्या हातून गेलं.

चारला त्या आल्या. चालू पडदा बघून त्यांनी हात जोडले, मला नव्हे, मशीनला. मग म्हणाल्या, "लाव ना भाऊ. त्याना आवाज."

मी म्हणालो, "काकू, यामा काहीच नही. कोनी तरी पहिलेच पुशी टाकेल शे."

कोणीतरी आधीच पुसून टाकलंय. डिस्क खराब झाली म्हणू शकलो असतो. पाणी गेलं, उंदराने खाल्लं, काहीही. कुणाच्याही अंगावर न जाणारी दहा खोटी कारणं होती. मग "कोणीतरी" का म्हणालो? मला वाटतं, आपल्याकडे कुणाचं बोट येऊ नये म्हणून माणूस आधी दुसरीकडे बोट दाखवतो. मी कुणाला डोळ्यांसमोर धरून बोललो नव्हतो. पण त्या घरात बोट दाखवायला माणूस एकच होतं.

काकूंनी डब्याची चादर उचलून घडी घातली. मग हळू म्हणाल्या, "शेवटले तं वर्षाच बठेल व्हती त्यावर."

मी तिथे बोलायला हवं होतं. मी वायर गुंडाळत राहिलो.

आणि मी काय केलं माहीत आहे? त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्या रिकाम्या मशीनमध्ये भजनं भरून दिली. ढीगभर. कीर्तनं, आरत्या, तापीच्या पुराचे कुणीतरी काढलेले व्हिडिओ. माझ्या समाधानासाठी डिस्क भरत होतो, आणि भावेशचा जो आवाज अजून आत कुठेतरी पडलेला असेल, त्याच्यावर एकेक आरती चढवत होतो. मला ते कळत होतं. पुढेही दर दोन महिन्यांनी प्रकाशाला जाऊन नवीन गाणी टाकून यायचो. काकू मला गूळ-शेंगदाणे द्यायच्या, कधी केळ्याचा अख्खा घड. गावात सांगायच्या, शहाद्याचा भाऊ देवमाणूस आहे. त्या दिवाळीला वर्षा आली नाही. काकूंनी बोलावलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी, लॉकडाउन लागायच्या जरा आधी, वर्षा माझ्या दुकानात आली. मी तिला आधी पाहिलेलं नव्हतं. कडेवर दीड वर्षांची मुलगी, चेहरा उन्हाने लाल, खापरहून दोन बस बदलून आलेली. बसली नाही. उभ्यानेच विचारलं, "दादा, मी काहीच पुसं नही. तुमले दखास ना मशीनमा, कोनी पुसं ते?" माझी नजर तिच्या पोरीवर होती, ती माझ्या टेबलावरचा माउस ओढत होती. वर्षा म्हणाली, "आई फोन उचलत नही. तुमनं ऐकतीन त्या. तेवढं सांगी द्या."

तिने माझ्यावर संशय घेतला नव्हता. मदत मागायला आली होती.

मी म्हणालो, ताई, कोणी पुसलं ते मशीनवरून सांगता येत नाही. खरं म्हणजे तारीख-वेळेसकट सांगता येतं. तिने मान हलवली, पोरीच्या हातातून माउस सोडवून नीट जागेवर ठेवला आणि गेली.

इथे संपलं असतं तरी मला लाज वाटायला पुरेसं होतं. पण हे सांगण्यासाठी मी लिहायला बसलो नाही. इतका वेळ मी ज्याच्याभोवती फिरतोय ते पुढे आहे.

गेल्या वर्षी काकू आजारी पडल्या. यकृताचं काहीतरी होतं, उशिरा कळलं. शहाद्याच्या दवाखान्यात आणलं. मी भेटायला गेलो तेव्हा दुपार होती, त्यांचा पुतण्या जेवायला गेलेला, खोलीत आम्ही दोघंच. पाय सुजलेले, हात अगदी काडीसारखे. मी खुर्ची ओढून बसलो. त्या पंख्याकडे बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "वर्षानी याद येस रे."

मी उशाजवळचा पाण्याचा पेला उगाच सरळ ठेवला.

"पुसं तं पुसं. पोर व्हती, दुःखमा करी टाकं व्हई." थांबल्या. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं — मला विचारलं, सल्ला विचारला, कारण मी त्यांचा विश्वासाचा माणूस — "बलाऊ का रे तिले?"

त्यांनी माफ केलं होतं. न केलेल्या गुन्ह्यासाठी माफ करून टाकलं होतं. मी फक्त "हो" म्हणायचं होतं. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, दुकानात आली तेव्हा तीच देऊन गेली होती. खापरहून तळोद्यामार्गे बस धरून ती संध्याकाळपर्यंत पोचली असती.

आणि माझ्या डोक्यात काय आलं? त्या दोघी भेटतील. बोलतील. ही म्हणेल, मी नाही पुसलं. त्या म्हणतील, मग कोणी? मरणाऱ्या माणसासमोर खोटं कोण बोलतं? दोघी एकदम माझ्याकडे बघतील.

मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या काकू. आते कसाले?"

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि परत पंख्याकडे तोंड केलं. सहा दिवसांनी गेल्या.

दशक्रिया प्रकाशालाच झाली, तापीवर. मी घाटाच्या पायऱ्यांवर पुरुषांमध्ये बसलो होतो. वर्षा आली. तिला कुणाकडून कळलं, ठाऊक नाही. पुतण्याने तिला वरच अडवलं, मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की काकूंनी शेवटी तुला बोलवायला नको म्हटलं होतं. हे त्याला कुणी सांगितलं होतं? मीच. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने सहज विचारलं होतं, काकू काही म्हणत होत्या का, तेव्हा.

वर्षाने वाद घातला नाही. पुलाच्या बाजूला जाऊन नदीकडे तोंड करून उभी राहिली, विधी होईपर्यंत. मग एकटीच स्टँडकडे चालत गेली. माझ्यासमोरून गेली. मला ओळखून तिने मान लववली, दादा म्हणून.

मीही मान लववली.

ती अजून खापरलाच असते. काकूंना ती नको होती, असं ती आज समजते. ते खोटं आहे. काकूंनी तिला बोलावू का, असं विचारलं होतं, आणि नको मी म्हणालो होतो.