वरच्या बांधावरचा गोटा

मीनलने डूख धरला की धरला. अंबरनाथच्या आमच्या शाळेत ती भूगोल शिकवते, मी मराठी. स्टाफरूममध्ये आम्ही शेजारी बसतो, पण तिचा असा राग मी कधी पाहिला नव्हता. आरडाओरडा नाही, रडणं नाही, नुसती बघत राहायची.

कारणही तसंच होतं. कोकणात तिच्या वडिलांच्या गावचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. लाटांनी तिथे गोट्यांचे बांध रचलेत. सगळ्यात वरचा उधाणाचा, त्यात मोठे गोटे; खाली पाण्याकडे बारीक. दोन दिवाळीच्या सुट्ट्या मीनलने तिथे गोटे मोजण्यात घालवल्या. लांबी, रुंदी, जाडी. तिथले गोटे भाकरीसारखे चपटे आणि आपल्या उल्हास नदीतले बटाट्यासारखे गोल, असं का, हे तिला शोधायचं होतं. टेपचं दुसरं टोक धरायला तिचे वडील विष्णुपंत. कारखान्यातले रिटायर्ड अधिकारी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पोरासारखे खूश.

शिक्षकांच्या प्रकल्प-स्पर्धेच्या तोंडावर विष्णुपंत गेले. मीनल सुतकात. भूगोलाचेच उन्मेष सर म्हणाले, "तुम्ही काळजी नका करू, मी मांडतो." तिचे तक्ते आणि गोट्यांचा ट्रे घेऊन गेले आणि सगळं स्वतःच्या नावाने मांडलं. पहिलं बक्षीस! आयत्या बिळावर नागोबा. बदलापूरला नदीकाठी तिच्या बापाचं दहावं चाललेलं आणि हा इकडे हारतुरे घेत होता. त्या मेल्याचं तोंड बघवत नव्हतं मला.

"हेडबाईंना सांग ना," मी म्हटलं.

"मी कशाला? तोच सांगेल. माईकवर."

शाळेने सरांचा सत्कार ठेवला. भाषणात सरांनी ट्रेमधला एक गोटा उचलून कपाळाला लावला. "सागराचा प्रसाद!" टाळ्या पडल्या. मीनल हार घेऊन स्टेजवर गेली आणि त्यांच्या कानाशी वाकली. मी शेजारीच नारळ धरून उभी होते, म्हणून ऐकलं.

"सर, तो समुद्राचा नाही. बाबांचा जीवखडा आहे. दहाव्याला नदीत सोडलाच नाही मी. काल तुमच्या ट्रेमध्ये ठेवला."

चितेपाशी ज्या दगडाने मडकं फोडतात, दहा दिवस ज्यात गेलेल्याचा जीव मानतात, तो दगड कपाळाला! सरांची पाचावर धारण बसली. गोटा धरवेना, टाकवेना.

"मी... मी काय करू आता?"

"नावं सांगा. माझं आणि बाबांचं. मग मी तो परत घेते."

सरांनी माईक धरला. "हे काम मीनल मॅडमचं आहे. माझं यात काही नाही. आणि टेप धरायला त्यांचे वडील होते... विष्णुपंत." हेडबाई उठल्या, मीनलच्या हातातला हार घेतला आणि तिच्याच गळ्यात घातला.

स्टाफरूममध्ये मी तिच्यावर घसरलेच. "बापाच्या जीवखड्याशी कसला गं खेळ?"

तिने गोटा माझ्यापुढे ठेवला. "बाबांचा जीवखडा नदीकाठचाच, गोल होता; दहाव्यालाच नदीत सोडला. हा वरच्या बांधावरचा, बाबांनीच उचललेला. बघ, कसा चपटा आहे. एक दिवस जरी त्याने गोटे मोजले असते ना, तरी माझ्या तोंडावर हसला असता."

आता तो गोटा तिच्या टेबलावर कागद दाबायला असतो. उन्मेष सर अजून त्या टेबलाला वळसा घालून जातात, आणि मीनल त्यांना काही सांगत नाही.