कोच प्रुइटचा शब्द

वर्लीन मेटोयर चिडली की गप्प होते, हे तिच्या बसमधल्या पोरांना पक्कं ठाऊक होतं. लुइझियानातल्या त्या उसाच्या गावात ती शाळेची बस चालवायची. मागच्या बाकावर मारामारी जुंपली तरी तिचा आवाज चढायचा नाही. बस कडेला घ्यायची, इंजिन बंद करायची आणि आरशात बघत बसायची. उन्हानं पत्रा तापायला लागला की पोरं आपणहून सरळ व्हायची.

तिचा राग तसा जुना होता. शाळेत असताना ती चारशे मीटर पळायची, आणि आसपासच्या गावांत तिला मागं टाकणारी पोरगी नव्हती. मग एका वर्षी शाळेनं मुलींचा धावण्याचा संघच बंद केला. पैसे नाहीत म्हणाले. त्याच उन्हाळ्यात फुटबॉलच्या मैदानावर नवे दिवे लागले. शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव त्या दिव्यांखाली जमायचं आणि वर्लीनही जायची, कारण गावात दुसरं जायला होतं काय? पण ते दिवे तिच्या डोळ्यांत कायमचे खुपले.

तिचा मुलगा ट्रेमेल दोन्ही खेळांत पुढं निघाला. हेल्मेट चढवून, चेंडू काखेत दाबून पळायचा तिकडचा फुटबॉल तो चांगलाच खेळायचा. पण वसंतात अडथळ्यांच्या शर्यतीला उतरला की बघणारे बोलायचे थांबायचे. अडथळा आला कधी आणि गेला कधी, कळायचंच नाही. कॉलेजांच्या फुटबॉल कोचना असली पोरं हवीच असतात. शाळेच्या शेवटच्या वर्षी वर्लीनच्या दारात त्यांच्या गाड्या लागायला लागल्या.

त्यांच्यात एक बाई आली होती, एका लहान कॉलेजची धावण्याची कोच, मिस ओडेल. तिच्याकडे देण्यासारखं फार नव्हतं, अर्धी फी माफ एवढंच, आणि ते तिनं बसल्या बसल्या सांगून टाकलं. निघताना मात्र दारात थांबून म्हणाली, "फुटबॉलचे सामने शरदात, पण सराव वसंतातही असतो. ते लोक येतील ना, त्यांना एवढंच विचारा. वसंतात पोराला पळायला सोडणार का?"

वर्लीननं येईल त्याला तेच विचारलं. कुणी हसला, कुणी बघू म्हणाला, कुणी सरळ नाही म्हणाला. उत्तरेकडच्या मोठ्या कॉलेजातून आलेल्या कोच प्रुइटनं मात्र चमचा खाली ठेवला. तोवर त्यानं दोन वाट्या गंबो, म्हणजे तिकडचा कोळंबीचा दाट रस्सा, संपवला होता, वर बटाट्याचं सॅलड मागून घेतलं होतं, आणि चर्चमध्ये वर्लीन कुठल्या बाजूला बसते तेही विचारून झालं होतं.

"मिस वर्लीन," तो म्हणाला, "मलाही आई आहे. वसंतात हा पोरगा धावपट्टीचा. मी त्याला बोटही लावणार नाही. हा माझा शब्द."

ट्रेमेलनं प्रुइटच्या कॉलेजचं नाव पक्कं केलं. मिस ओडेलला फोन करून नाही म्हणताना वर्लीनला वाईट वाटलं, पण संपूर्ण शिक्षण मोफत होतं आणि शब्दही मिळाला होता.

कॉलेजातल्या पहिल्याच शरदात त्यांनी ट्रेमेलला खाऊ घालायला सुरुवात केली. अंडी, मांस, दुधाचे मोठाले पेले आणि वजनं उचलणं. नाताळला घरी आला तेव्हा दारातून आत येताना खांदे तिरके करत होता. वर्लीन हसली, पण हसता हसता तिनं त्याचे गुडघे बघून घेतले. वसंत आला तेव्हा प्रुइटनं त्याला सांगितलं की यंदा डावपेच शिकून घे, पुढच्या वर्षी पळ. पुढच्या वर्षी म्हणाला, संघात एक जण जखमी आहे, तू नसलास तर माझी पंचाईत होईल. ट्रेमेल फोनवर हे सगळं अशा थंडपणे सांगायचा, की जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय. वर्लीन कोचला फोन लावायची. फोन कुणीतरी गोड आवाजाची मुलगी उचलायची आणि निरोप देते म्हणायची. निरोप कधीच पोचला नाही.

तिसऱ्या वसंतात ट्रेमेल सरावाला न जाता कॉलेजच्याच धावपट्टीवर स्पर्धेत उतरला. इतक्या वजनाचा पोरगा तिसऱ्या अडथळ्याला अडखळला, तरी त्यानं धडपडत शर्यत पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी त्याचं सामान नवख्या पोरांच्या खोलीत टाकलेलं होतं. त्याला दुसऱ्या फळीच्याही मागं ढकललं. आता त्याचं काम एकच, मुख्य संघाच्या सरावात समोर उभं राहून धडका खायच्या.

हे ऐकलं त्या दिवशी वर्लीन बसमध्ये एक शब्द बोलली नाही. शनिवारी ती गाडी काढून उत्तरेला निघाली.

त्या दिवशी कॉलेजात फुटबॉलचा वसंतातला प्रदर्शनीय सामना होता. मैदानाशेजारी तंबू ठोकला होता, भाजलेल्या मांसाचा धूर निघत होता, आणि ज्या पोरांना पुढच्या वर्षी घ्यायचंय त्यांचे आईबाप कॉलेजच्या रंगांच्या टोप्या घालून जेवत होते. वर्लीनला कुणी अडवलं नाही. तिचा विचार सरळ प्रुइटच्या अंगावर जायचा होता. पण एका टेबलापाशी तिचं पाऊल थबकलं. तिथे एक बाई बसली होती, शेजारी हडकुळा, लांब पायांचा मुलगा. बाई शेजारणीला कौतुकानं सांगत होती की पोरगा लांब उडीत राज्यात पहिला आलाय.

वर्लीन समोरची खुर्ची ओढून बसली. बाईचं नाव लुएला, मिसिसिपीहून आलेली.

"तुमच्याकडे काय जेवला तो?" वर्लीननं विचारलं.

"कोण, कोच? मासे केले होते मी."

"आणि चमचा खाली ठेवून म्हणाला असेल, मलाही आई आहे."

लुएलाचा घास हातातच राहिला.

"वसंतात हा पोरगा लांब उडीचा," वर्लीन पुढं म्हणाली. "मी बोटही लावणार नाही. हा माझा शब्द. असंच ना?"

लुएला मुलाकडे बघायला लागली. तेवढ्यात प्रुइट हात पसरून हसत त्या टेबलाशी आला. वर्लीनकडे बघून त्यानं क्षणभर आठवल्यासारखं केलं आणि म्हणाला, "अरे वा, मिस शार्लीन. कशा आहात?"

वर्लीन उठली. आता तिचा आवाज खणखणीत निघाला, शेवटच्या टेबलापर्यंत जाईल असा.

"वर्लीन. माझ्या घरी दोन वाट्या खाल्ल्यास तू. खाताना नाव पाठ होतं. माझा पोरगा पाखरासारखा पळायचा, त्याला रेडा केलास आणि आता धडका खायला उभा केलास. पळू द्यायचा नव्हता तर नाही म्हणायचंस. नाही म्हणणारे चांगले होते तुझ्यापेक्षा."

प्रुइटचं हसू हललं नाही. तो हळूच म्हणाला की मॅडम, आपण ऑफिसात बोलू. दोन तरुण तिच्या कोपराशी येऊन उभे राहिले. वर्लीन त्यांच्याकडे न बघता गाडीकडे चालू लागली.

गाडीपाशी ट्रेमेल उभा होता, घामानं भिजलेला. त्यानं सगळं ऐकलं होतं. आईला मिठी मारेल असं तिला वाटलं होतं.

"माझं जे काय उरलं होतं तेही घालवलंस, मम्मा," तो म्हणाला. "हे भांडण माझ्यासाठी होतं की तुझ्या त्या दिव्यांसाठी?"

"दोन्हींसाठी," ती म्हणाली. खोटं बोलायला तिला त्या दिवशी तरी जमणार नव्हतं.

उन्हाळ्यात प्रुइटनं कळवलं की शिष्यवृत्ती पुढं चालू राहणार नाही. ट्रेमेल घरी आला आणि साखर कारखान्यात दुरुस्तीच्या कामाला लागला. एका छपराखाली राहून तो आईशी मीठ वाढ, दार लाव एवढंच बोलायचा. वर्लीननंच एकदा मनावर दगड ठेवून मिस ओडेलला फोन केला. नाकारलेल्या माणसाकडे मागायला जाणं तिला फार जड गेलं. ओडेल टोमणा मारेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "वजन किती आहे आता?" आणि पाठवा म्हणाली.

शेवटच्या वर्षी ट्रेमेल त्या लहान कॉलेजकडून पळाला. वजन उतरलं, पण शाळेतला वेग काही परत आला नाही. विभागाच्या अंतिम शर्यतीत तो पाचवा आला. वर्लीन कुंपणाला टेकून बघत होती. शर्यत संपल्यावर तो धापा टाकत तिच्यासमोर येऊन बसला.

"मिसिसिपीचा तो लांब उडीवाला आठवतो?" त्यानं विचारलं. "प्रुइटकडेच गेला. मागच्या आठवड्यात बोललो त्याच्याशी. उडी बंद आहे."

"त्याच्या आईनं ऐकलं होतं की सगळं."

"फुकट शिक्षणाला नाही कसं म्हणणार ती? तू म्हणाली होतीस का?"

वर्लीनला लुएलाचा राग यायला हवा होता, पण आला तो पुन्हा प्रुइटचाच, तितकाच ताजा. ट्रेमेलनं बुटांच्या नाड्या सोडल्या आणि कुंपणावरून बूट तिच्याकडे दिले. मग म्हणाला, "भूक लागलीय. चल, कुठंतरी जेवू."

ती त्याचे बूट हातात घेऊन निघाली. तो गवतातून अनवाणीच तिच्या बरोबरीनं चालत होता.