पित्रांपासून घटांपर्यंत: माझे फायब्रॉइड

मुरबाडच्या सोनोग्राफी केंद्रात डॉक्टर पडद्याकडे पाहतच म्हणाले, "फायब्रॉइड आहेत. तीन. मोठी गाठ मोसंबीएवढी." फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी गाठ. ती बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. हेही त्यांनी सांगितले होते. मला 'गाठ' एवढेच ऐकू आले.

आमचे गाव टोकावड्याजवळ. माझे वय चौतीस. लग्नाला आठ वर्षे झालेली, मूल नाही.

रिपोर्ट घेऊन मी, नवरा आणि सासूबाई जवळच्याच स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. "अंगावरून किती दिवस जातं?" त्यांनी विचारले. मी लाजून म्हटले, "पाच-सहा."

मागे उभ्या असलेल्या सासूबाई पुढे आल्या. "खोटं बोलते बाई. पित्रं लागली तवा बाहेर बसली, घट बसले तरी घरात नाय आली. चूल मीच सांभाळते, मला नाय कळत?"

आमच्या घरी पाळीत बाईने वेगळे बसायचे असते. त्या रिवाजाचा मला राग होता, आजही आहे. पण त्या दिवशी माझ्या आजाराची खरी माहिती सासूबाईंकडेच होती. मॅडमनी लगेच रक्त तपासले. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटक, बारा तरी हवा, तो जेमतेम सहा होता.

"पिशवी काढून टाकू," मॅडम म्हणाल्या. पिशवी म्हणजे गर्भाशय.

परतताना एसटीत सासूबाई म्हणाल्या, "काढून टाक गो. पोर नाय झालं तं नाय. तू ऱ्हा." गाठ म्हणजे कॅन्सरच, असे त्यांनी धरले होते. मला मात्र पिशवी हवी होती.

माझे माहेर सापगाव. तिथून शहापूरच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी मायोमेक्टॉमी सुचवली. यात गर्भाशय ठेवून फक्त गाठी काढतात. "प्रयत्न करू. पण टेबलावर रक्त थांबलं नाही, तर जीव वाचवायला पिशवी काढावी लागेल. तशी सही द्या."

मी सही दिली. आधी रक्त चढवले, लोहाची इंजेक्शने दिली. त्या आठवड्यांत पाठीवर निजले की ओटीपोटात कडक गोळा हाताला लागायचा. मी हात काढून घ्यायचे.

ऑपरेशननंतर काढलेला भाग नातेवाइकांना दाखवतात. पुढचे मला नवऱ्याने सांगितले. नर्सने हाक मारली तेव्हा त्याला उठवेना. सासूबाई गेल्या. स्टीलच्या ट्रेमध्ये काय आहे ते त्यांना ओळखता येईना.

"बाई, यात पिशवी हाय का?"

"नाही मावशी. फक्त गाठी. पिशवी जागेवर आहे."

मी शुद्धीवर येत होते. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. सासूबाई कानाशी वाकल्या. "हाय गो, हाय."

बायोप्सीत, म्हणजे गाठींच्या तपासणीत, कर्करोग निघाला नाही. फायब्रॉइड पुन्हा होऊ शकतात. मूल होईल का, हे कुणी सांगू शकलेले नाही. ज्या बायकांना हा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना दिवस खरे सांगावेत आणि पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे.

माझी सोनोग्राफी पुढच्या महिन्यात आहे. भीती वाटते. सासूबाई सोबत येणार आहेत.