लॅबवाल्या काकूंचा तिसरा खंड

काकू पुस्तक उघडायच्या आधी त्याचा वास घेत. कागदाला कसर लागली असेल तर त्यांना वासावरूनच कळे. रामदासपेठेतल्या एका लॅबमध्ये त्यांनी आयुष्यभर रक्त तपासलं; मी त्यांच्याच हाताखाली शिकले. घरी मात्र अठराव्या शतकातल्या युरोपीय तत्त्वज्ञांच्या जुन्या आवृत्त्या. विवेक, सहिष्णुता, राजाचे अधिकार असले विषय. चामड्याची बांधणी, लंडनची छपाई.

"भिवापूरच्या मिरचीवाल्याच्या पोरीले हे काहून पाहिजे, असं सारे विचारतात," त्या म्हणत. "माह्या बापानं मले 'काहून' विचारू दिलं, म्हणून पाहिजे."

एकदा आलेल्या पुस्तकाची पानं कडेला जोडलेलीच होती. तशीच राहू दिली तर किंमत टिकेल, असं विक्रेत्यानं बजावलं होतं. काकूंनी लॅबमधलं नवं ब्लेड काढलं. "दोनशे वर्षं कोणी वाचलंच नाही याले," म्हणाल्या आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक पान सोडवत बसल्या.

चार खंडांच्या एका संचातला तिसरा खंड त्यांच्याकडे नव्हता. तो कोलकात्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे होता, आणि त्यांच्याकडे बाकीचे तीन नव्हते. सहा वर्षं दोघं पत्रांतून एकमेकांकडे मागत राहिले. मग एके दिवशी काकू आपलेच तीन खंड खोक्यात भरताना दिसल्या.

"काकू, तुम्ही काहून देता?"

"दोघंही अडून बसलो तर संच पुरा कधी होईन वं? कोणाच्या तरी घरी होऊ दे."

पार्सल त्यांनी स्वतः पोस्टात नेऊन दिलं.

महिन्याभरानं कोलकात्याहून चारही खंड आले. सोबत चिठ्ठी: वाचून झाले की परत पाठवा. काकूंनी चक्क पंधरा दिवसांची रजा टाकली. त्या परतल्यावर मी विचारलं, कसा आहे तिसरा?

"चारहीत रटाळ तोच हाय वं," त्या हसत म्हणाल्या. "पण त्यायले सांगू नको."

संच परत गेला. पत्रं चालूच राहिली.

गेल्या वर्षी काकू गेल्या. मी प्राध्यापकांना फोन करून कळवलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिसऱ्या खंडाबद्दलचं काकूंचं मत सांगून टाकलं.

"मलाही तो तसाच वाटायचा," ते हिंदीत म्हणाले. "पण आधीच सांगितलं असतं, तर त्यांनी पत्रं लिहिली नसती."